वरच्या पैशाचा हिशोब

पाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. कापडी कनात, आत सतरंजी, एक लाकडी टेबल, मागे फडाचा रंगीत बोर्ड आणि टेबलावर लाल बांधणीची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, चहा होतो, घासाघीस होते, विसार हातात पडतो आणि वहीत गावाचं नाव नि तारीख चढते. या व्यवहाराला सुपारी म्हणतात. मुंबईच्या बातम्यांनी त्या शब्दाला रक्ताचा वास लावला. इथं तो अजून स्वच्छ आहे.

माझे मामा या राहुट्यांमध्येच मोठे झाले. पंचवीस वर्षं फडात ढोलकी वाजवली, पुढं मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात. आता सत्तरी ओलांडली, उजव्या हाताचं मधलं बोट नीट वाकत नाही, तरी पाडव्याआधीचे आठ दिवस ते ओळखीच्या एका फडमालकाच्या राहुटीत जाऊन बसतात. मालक पोरसवदा आहे. मामांनी मान हलवल्याशिवाय तो वहीत लिहीत नाही.

यंदा मीही त्यांच्याबरोबर एक आख्खा दिवस बसले. दुपारच्या उन्हात कुणी फिरकत नव्हतं. डोक्यात एक लेख घोळत होता, त्याबद्दल सांगायला लागले. २०२५ साली २६ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर असे दोन आठवडे सौदी अरेबियाच्या राजधानीत, रियाधमध्ये, विनोदी कलाकारांचा महोत्सव भरला. पन्नासहून जास्त विनोदवीर गेले, त्यांतले कितीतरी अमेरिकेतले नि इंग्लंडमधले बडे. डेव्ह चॅपेल, केव्हिन हार्ट, बिल बर, अझीझ अन्सारी, जिमी कार. पाठीशी थेट सौदी सरकार.

मामांचा पहिला प्रश्न धंद्यातल्या माणसाचा होता. "बिदागी किती?"

"टिम डिलन नावाच्या एकानं आपला आकडा स्वतःच सांगितला. ३,७५,००० डॉलर, म्हणजे आपले सव्वातीन कोटींच्या वर. काहींना याच्या चौपट मिळत होते, असंही तो म्हणाला. मग त्यानं आपल्या पॉडकास्टवर तिथल्या मजुरांच्या गुलामगिरीवरून थट्टा केली, आणि त्याची सुपारी मोडली."

"सव्वातीन कोटी. एका प्रयोगाचे." मामा थोडा वेळ कनातीकडं बघत राहिले. "मग तुझं दुखणं काय? हसवणाऱ्याला बोलावलं, तो गेला. बिदागी ठरली, घेतली. यात गुन्हा कुठं आला?"

"बोलावणारं सरकार कसलं आहे ते बघा की, मामा. जमाल खशोगी हा त्यांचाच पत्रकार. २ ऑक्टोबर २०१८ ला लग्नासाठी लागणारे कागद आणायला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेला. होणारी बायको बाहेर थांबली होती. तो बाहेर आलाच नाही. आत त्याचा खून केला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. त्याला सात वर्षं झाली तो दिवस या महोत्सवाच्या मधोमध आला."

"वाईटच," मामा म्हणाले. "पण मला सांग, त्यांचं तेल कोण घेतं? तुझी स्कूटर कशावर चालते? विमानं, तोफा कोण विकतं त्यांना? मोठमोठे देश त्यांच्या दाराशी उभे, आणि धर्माची वेळ आली की गाणाऱ्या-नाचणाऱ्याची मान पकडायची. आम्हाला हे नवीन नाही, पोरी. गावाला रात्रभर तमाशा हवा असायचा, आणि सकाळी आमच्या बायांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते. आमचं रात्रीचं गाणं चालायचं, सकाळची तहान चालायची नाही. शहाणपणाची अपेक्षा नेहमी आमच्याकडूनच."

याचं पुरतं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं, आजही नाही. सरकारं व्यापार करतात तेव्हा त्याला धोरण म्हणतात आणि कलाकार गेला की त्याला पाप म्हणतात, हा दुटप्पीपणा खराच आहे. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले की तेल विकत घेणारा माणूस तिथल्या व्यासपीठावर उभा राहून हसत नाही. कलाकाराला बोलावतात ते त्याचं नाव आपल्या नावाशेजारी छापून घ्यायला.

"छापू दे की. पाटलानं मला बोलावलं तर पाटलाचं नाव व्हायचंच. त्यासाठीच तो पैसे मोजतो."

"पाटील तुम्हाला लेखी अट घालत होता का?"

"कसली अट?"

अत्सुको ओकात्सुका नावाच्या एका अमेरिकन विनोदी कलावतीला हेच आमंत्रण आलं होतं. तिनं ते नाकारलं आणि अटींचा कागद जाहीर केला. त्यात लिहिलं होतं की सौदी राज्य, त्याचे नेते, राजघराणं, कायदा, सरकार आणि कुठलाही धर्म यांची बदनामी किंवा टिंगल होईल असं काहीही कार्यक्रमात असता कामा नये. मी मामांना एकेक शब्द मराठीत करून सांगितला.

मामा सरळ बसले. "सोंगाड्याकडून असं लिहून घेतलं?"

"घेतलं. आणि पन्नासजण गेले."

मग त्यांनी मला एक जुनी रात्र सांगितली. जुन्नर तालुक्यातलंच एक गाव. यात्रेची सुपारी पाटलानं दिलेली, पाटील पहिल्या ओळीत खुर्ची टाकून बसलेला. गण झाला, गौळण झाली, बतावणीला सोंगाड्या आला. गावातला रस्ता पाटलाच्या वाड्यापर्यंत येऊन थांबला होता, पुढं महारवाड्यापर्यंत गेलाच नव्हता. सोंगाड्यानं स्टेजवर चालायला सुरुवात केली. मधोमध आला आणि एकदम थांबला. पाय उचलायचा, ठेवायला जागा नाही असं करायचा, परत मागं घ्यायचा. मावशीनं विचारलं, का रे थांबलास? तो म्हणाला, रस्ता वाड्यात जेवायला गेलाय, हात धुऊन आला की पुढं जाऊ. "आख्खं गाव उसळलं. मी ढोलकीवर थाप मारली ती मलाच ऐकू आली नाही. पाटील लालेलाल. मग हसला, उठला आणि दहाची नोट काढून दौलतजादा केला. त्या काळात दहा."

"आणि रस्ता?"

"तो नाही झाला लगेच," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण बोललं गेलं. ज्याच्या पैशानं पेट्रोमॅक्स पेटली, त्याच्या तोंडावर बोललं गेलं. सोंगाड्याची ती रीतच आहे."

मला हेच म्हणायचं होतं, आणि ते मामांच्या तोंडून माझ्यापेक्षा चांगलं आलं. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके राजा-कोतवालाच्या आडून राज्यकर्त्यांची जी रेवडी उडवायचे, ती याच रीतीतून आली. राजाश्रय आपल्याकडं कुणाला नवा नाही. पेशव्यांच्या आश्रयाला शाहीर होतेच. पण विनोदाच्या जागेवर आश्रयदात्यानं कुलूप लावायचं आणि किल्लीसकट पैसे मोजायचे, हा व्यवहार वेगळा आहे. गायकाचं एक समजू शकते, प्रेमाचं गाणं कुठंही प्रेमाचंच असतं. हसवणाऱ्याचं तसं नाही. तो जगतोच बोलण्यावर.

मी त्यांना फहाद अल-बुतैरीबद्दल सांगितलं. सौदीतल्या पहिल्या स्टँड-अप विनोदवीरांपैकी एक. यूट्यूबवर तिथल्या तरुण पोरांना त्यानं वेड लावलं होतं. २०१३ साली, बायकांना गाडी चालवायची बंदी असताना, हिशाम फकीह, तो आणि आणखी एक मित्र अशा तिघांनी बॉब मार्लीच्या गाण्याचं विडंबन केलं आणि ते जगभर गाजलं. त्याचं लग्न लुजैन अल-हथलूलशी झालं होतं. बायकांना गाडी चालवू द्या म्हणून लढणारी ही बाई. २४ जून २०१८ ला बंदी उठली, पण त्याच्या काही आठवडे आधी, मे महिन्यात, तिलाच अटक झाली. फहादला जॉर्डनमधून पकडून परत आणल्याच्या बातम्या आल्या. लुजैन तुरुंगातून सुटली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. बाहेर आल्यावरही तिच्यावर देश सोडायची बंदी राहिली.

"आणि तो? हसवतो का अजून?"

"पुन्हा पूर्वीसारखा दिसला नाही."

मामा काही बोलले नाहीत. मी पुढं मुहम्मद अल-गामदीचंही सांगितलं. निवृत्त शिक्षक. समाजमाध्यमांवर त्याला विचारणारं कुणी नव्हतं, तरी त्यानं लिहिलेल्या टीकेसाठी २०२३ साली त्याला फाशीची शिक्षा झाली. ती फिरवली गेली, पण २०२४ मध्ये तीस वर्षं कैद. बोलल्याबद्दल एका माणसाला तीस वर्षं आणि त्याच शहरात बोलण्याबद्दल दुसऱ्याला कोट्यवधी. हे दोन आकडे मला शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत.

चहा आला. बशीतल्या चहावर फुंकर मारत मामांनी मग आपली बाजू नव्यानं मांडली, आणि ती मला हलकी वाटली नाही.

"मी आखातात गेलोय, तुला माहीत आहे. १९९४ साल असेल. ऑर्केस्ट्रा होता, हॉल भाड्याचा, तिकिटं मजुरांना परवडतील अशी. समोर कोण? गवंडी, वायरमन, ड्रायव्हर. रत्नागिरीचे, नगरचे, सोलापूरचे. दोन-दोन वर्षं घरी न गेलेले. मी लावणीचा ठेका धरला आणि तिसऱ्या ओळीतला एक गडी ओक्साबोक्शी रडायला लागला. लावणीवर कुणी रडतं का? तो रडला. आता तिथंही राजाचंच राज्य होतं. मतदान नाही, संघटना नाही, पासपोर्ट शेठच्या कपाटात. मी जायला नको होतं?"

"जायलाच हवं होतं."

"मग? रियाधमध्ये समोर कोण बसलं असेल? तिथलीच पोरं-पोरी ना? जिथं पस्तीस वर्षं सिनेमाचं थिएटर नव्हतं, तिथं पोरगी भावाशेजारी बसून मोठ्यांदा हसली, ते तुला नकोय?"

मला हवं आहे. थिएटरं २०१८ साली उघडली. त्याच्या आदल्या डिसेंबरात हिबा तवाजी या लेबनानी गायिकेनं रियाधमध्ये फक्त बायकांसमोर गाणं केलं, तेव्हा तिथल्या कितीतरी जणींनी आयुष्यात पहिल्यांदा समोर उभी राहून गाणारी बाई पाहिली असेल. तो आनंद खोटा नव्हता, आणि दूरच्या कुणी बाईनं खुर्चीत बसून तो हिरावून घ्यावा असंही मला वाटत नाही. गायक स्टिंगनंही असाच युक्तिवाद केला होता. २००९ मध्ये तो ताश्कंदला जाऊन गायला, उझबेकिस्तानच्या हुकूमशहाची मुलगी गुलनारा करीमोवा हिच्या कार्यक्रमात. त्याच्या चारच वर्षं आधी अंदिजान शहरात त्या राजवटीनं जमावावर गोळ्या घालून शेकडो माणसं मारली होती. टीका झाली तेव्हा तो म्हणाला की सांस्कृतिक बहिष्कारानं असे देश आणखी कोंडले जातात. पण २०११ मध्ये कझाकस्तानात तेलकामगारांचा संप चिरडला जात होता, तेव्हा याच स्टिंगनं अस्तानाचा ठरलेला कार्यक्रम रद्द केला. म्हणजे रेषा कुठंतरी आहे हे त्यालाही कळलं होतं.

"रेषा कुठं आहे ते तू सांग," मामा म्हणाले. "माझ्या आखातातल्या हॉलमध्ये आणि रियाधमध्ये फरक काय?"

"तुम्हाला त्या रात्रीचे किती मिळाले?"

"नेहमीचे. दोनशे जास्त, परदेशाचे म्हणून."

"आणि ते आले कुठून?"

"तिकिटातून."

"ज्याचं नेहमीचं मोल एक लाख, त्याला कुणी दहा लाख देतं. मग वरचे नऊ कशाचे, मामा? गाणं तर तेवढंच. वेळ तेवढाच. ढोलकी तीच. तिकिटातून ते निघत नाहीत. ते नऊ लाख गाण्याचे नाहीत."

मामांनी बशी खाली ठेवली. फडमालक वही चाळत होता, तोही थांबला.

मी उदाहरणं सांगत गेले. गायिका नेली फुर्टाडोनं २००७ साली इटलीतल्या एका हॉटेलात पंचेचाळीस मिनिटं गाऊन लीबियाच्या हुकूमशहा गद्दाफीच्या घरच्यांकडून दहा लाख डॉलर घेतले. बियॉन्से, मराया कॅरी, अशर कॅरिबियनमधल्या सेंट बार्ट्स बेटावर त्याच्या मुलाच्या नववर्षाच्या मेजवान्यांना गेले. २०११ मध्ये लीबियाचे लोक रस्त्यावर मरू लागले तेव्हा एकेकाला आठवण झाली. कुणी पैसे दान केल्याचं जाहीर केलं, कुणी आपल्याला माहीत नव्हतं म्हणून माफी मागितली. जेनिफर लोपेझनं २०१३ मध्ये तुर्कमेनिस्तानच्या राष्ट्राध्यक्षाला वाढदिवसाच्या शुभेच्छा गाऊन दिल्या, मग तिच्या माणसांनीही तेच सांगितलं, माहीत असतं तर गेलो नसतो. हिलरी स्वँक ग्रोझनीला चेचन्याच्या कादिरोव्हच्या वाढदिवसाला गेली, नंतर माफी मागून मानधन दान केलं.

"दान केलं म्हणजे गाणं परत येतं का?" मामांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी त्यांच्या बाजूनं विचारला की माझ्या, ते मला कळलं नाही.

रियाधनंतरही दान झालंच. अझीझ अन्सारीनं मानधनातला काही भाग ह्यूमन राइट्स वॉचसारख्या संस्थांना देऊ म्हटलं. त्या संस्थेनं तो घ्यायला नकार दिला आणि त्याऐवजी तुरुंगात असलेल्यांच्या सुटकेसाठी आवाज उठवा, असं कलाकारांना सांगितलं. मला तो नकार फार बरोबर वाटतो. पैसा हात बदलत राहिला तरी ज्या गोष्टीसाठी तो दिला होता ती गोष्ट पोचती झालेलीच असते.

मग मी त्यांना सन सिटीबद्दल सांगितलं, कारण या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट चित्र मला तिथं दिसतं. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं काळ्या लोकांसाठी तुकडे पाडून त्यांना 'स्वतंत्र' देश म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे काळा माणूस आपल्याच देशात परका. असाच एक तुकडा बोफुथात्स्वाना, १९७७ साली 'स्वतंत्र' झालेला. जगानं त्याला कधीच देश मानलं नाही. १९७९ मध्ये तिथं सन सिटी उभी राहिली, जोहान्सबर्गपासून गाडीनं दोन तासांवर. गोऱ्यांच्या कायद्यात जुगाराला बंदी होती, ती या बाजूला नव्हती. कॅसिनो, झगमगाट आणि जगातली सगळ्यात मोठी नावं. १९८१ मध्ये फ्रँक सिनात्रा गेला. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड. संयुक्त राष्ट्रसंघ आधीपासून कलाकारांना जाऊ नका म्हणत होता, १९८३ पासून जाणाऱ्यांची यादीच करत होता. क्वीनचं नाव यादीत पडलं, ब्रिटनच्या संगीतकार संघटनेनं त्यांना दंड केला. आमच्यासमोर काळे-गोरे एकत्र बसले होते, आम्ही राजकारणी नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या अंध-मूकबधिर मुलांच्या शाळेला त्यांनी मदतही केली.

"खरंच केली?"

"केली. मी त्यांना वाईट माणसं म्हणत नाही. पण तो जो 'देश' होता ना, तो खरा देश आहे असं जगाला वाटायला हवं होतं. क्वीन येते म्हणजे देश असणारच. वरचा पैसा त्याचा होता."

१९८५ मध्ये स्टीव्हन व्हॅन झँटनं माइल्स डेव्हिस, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन अशा पन्नासेक जणांना गोळा करून सन सिटीत न जाण्याची जाहीर शपथ घेतल्यासारखं एक गाणं केलं.

"गाण्यानं राज्य पडलं?"

"नाही. राज्य तिथल्या लोकांनी पाडलं, तुरुंगात राहून, गोळ्या खाऊन. पण बड्या नावांना सन सिटीला जायची लाज वाटायला लागली."

इथं मामांनी मला अडवलं आणि बरं झालं अडवलं. "म्हणजे तुझ्या यादीनं सगळेच बंद. तिथला काळा ढोलक्या काय करेल? त्याला बाहेरचं कुणी भेटणारच नाही."

हाच प्रश्न पॉल सायमननं उभा केला होता. सन सिटीचं आमंत्रण नाकारणारा हा माणूस १९८५ साली जोहान्सबर्गला गेला, तिथल्या काळ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं आणि त्यातून १९८६ मध्ये 'ग्रेसलँड' निघाली. बहिष्कार मोडला म्हणून त्याच्यावर झोड उठली. पण त्यानं त्या वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्याही तिप्पट मोबदला दिला, आणि निर्वासित जीवन जगणारे मिरियम मकेबा, ह्यू मासेकेला त्याच्याबरोबर दौऱ्यावर निघाले. लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो हा गट जगाला माहीत झाला तो तिथून.

"बघ," मामा म्हणाले, "वरचा पैसा तिथंही होता."

"होता. पण तो वरून खाली गेला. राजवटीकडून आला नाही, राजवटीनं दाबलेल्यांच्या हातात पडला. आणि त्या बदल्यात कुणाला गप्प बसायला सांगितलं नव्हतं. तरीही तिथल्या चळवळीला न विचारता तो गेला, ही त्याची चूकच. मला ते प्रकरण आजही पूर्ण सुटत नाही."

मामा बराच वेळ बोटांनी टेबलाच्या कडेवर काहीतरी वाजवत होते. आवाज नव्हता, नुसती बोटं. मग म्हणाले, "वरच्या पैशाचं म्हणतेस, तर एक सांगतो. तुझ्या आईलाही माहीत नाही.

"आणीबाणी होती. शहात्तर साल. मी विशीतला. त्या वर्षी रेडिओवरून किशोरकुमार गायब झाला होता, तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. सरकारी कार्यक्रमांसाठी सहकार्य करायला त्यानं नकार दिला आणि ४ मे १९७६ पासून आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली. पुढं शहा आयोगासमोर ते सगळं कागदावर आलं.

"आम्हाला कारण माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळत होतं. तर एका मोठ्या गावची सुपारी होती. दुपारी एक अधिकारी आला, फार सभ्य माणूस. म्हणाला, वीस कलमी कार्यक्रमाचं एक पद घाला आणि ती मंत्र्याची बतावणी तेवढी काढा. सुपारीवर वरचे पाचशे देतो. फडमालकानं हो म्हटलं. फडात साठ माणसं, सरकारी परवाना, पुढं आख्खा वैशाख. काय म्हणणार?

"रात्री ती जागा आली. ती बतावणी लोकांना पाठ होती. दरवर्षी तीच, दरवर्षी नवा टोला. सोंगाड्या पुढं आला, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. एक शब्द नाही. मला वाटलं विसरला. मग बघितलं तर डोळ्यांत पाणी. मालकानं कनातीआडून खूण केली, वाजव. मी वाजवलं. आठ मात्रांचा केरवा, दोन आवर्तनं. मग तो पुढचं बोलला. लोक ओरडले नाहीत, हसले नाहीत. दोन हजार माणूस गप्प. सगळ्यांना कळलं होतं, तिथं काय असायला हवं होतं ते."

"आणि पाचशे?"

"वाटले. माझ्या वाट्याला अकरा आले. घरी मनीऑर्डर केली. सोंगाड्यानंही घेतले, त्याला तीन पोरं होती." त्यांनी तळहात उताणा करून बघितला, जणू ते अकरा रुपये अजून तिथं असतील. "पन्नास वर्षं वाजवलं मी, पोरी. चुकलेले ठेके सगळे विसरलो. ती दोन आवर्तनं बरोबर होती, ती विसरत नाही."

मी त्या फडाला दोष देणार नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्याशी भांडेन. त्यांच्या डोक्यावर ते सरकार होतं. परवाना त्याच्या हातात, तुरुंग त्याच्या हातात, साठ पोटं फडाच्या गळ्यात. रियाधला गेलेल्यांच्या डोक्यावर काय होतं? त्यांचं घर दुसऱ्या देशात, त्यांच्या देशात त्यांना राष्ट्राध्यक्षाची रोज टिंगल करता येते, आणि नाही म्हटलं असतं तर त्यांचं एक विमानाचं तिकीट तेवढं वाचलं असतं. ओकात्सुका नाही म्हणाली, शेन गिलिस नाही म्हणाला, त्यांचं काही बिघडलं नाही. जेसिका कर्सन जाऊन आली आणि नंतर तिनं मनापासून खेद व्यक्त केला. डेव्ह चॅपेल मात्र त्या मंचावर म्हणाला की अमेरिकेपेक्षा इथं बोलणं सोपं आहे. ती बातमी वाचताना मला त्या शिक्षकाची तीस वर्षं आठवत होती.

"किशोरकुमारला परवडलं," मामा म्हणाले. "तो किशोरकुमार होता."

"तेच म्हणते मी. ज्याला परवडतं, त्यानं तरी."

"आणि ज्याला परवडत नाही त्यानं?"

मी काही बोलले नाही. फडमालकानं पाण्याची बाटली पुढं सरकवली.

ऊन कलल्यावर एका गावची कमिटी आली. सहाजण, पांढरे कपडे, एकाच्या हातात फायलीची पिशवी. आदल्याच वर्षीचं गाव, त्यामुळं सुपारी लवकर ठरली. विसार निघाला. मालकानं वही उघडली. तेवढ्यात फायलीवाला गृहस्थ खुर्ची पुढं ओढून बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, यंदा यात्रेला साहेब येणार आहेत. बतावणीत ते पाणी-बिणी योजनेचं काही नको. आपलं नेहमीचं असू दे, हसण्यासारखं. त्याचे वरचे पंधरा हजार देऊ.

मालकानं मामांकडं बघितलं. मीही बघितलं.

मामांनी घसा साफ केला. "देता तर द्या," ते म्हणाले, "पण पावती फाडायची. आणि हे वरचे पंधरा कशाचे, ते तुमच्या हातानं पावतीवर लिहायचं. खाली सही."

त्यांनी टेबलावरचं पावतीपुस्तक त्या गृहस्थापुढं फिरवून ठेवलं आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं. गृहस्थानं पेन घेतलं, टोपण काढलं. बाहेर शेजारच्या राहुटीत कुणीतरी हलगी तापवत होतं, तिचा आवाज एकेक टिपरीनं चढत होता. पेन कागदावर टेकलं होतं, आणि तो माणूस काय लिहावं ते आठवत बसला होता.